उंदीर तोच, आतड्यातले जंतू वेगळे: प्रयोगाचा निकाल का बदलतो

संधिवातावर नवं औषध सापडलं, मधुमेहाचं मूळ आतड्यात मिळालं, मेंदूच्या आजारामागे अमुक जिवाणू आहे. अशा बातम्या मोबाईलवर सारख्या येत असतात. बहुतेकींच्या शेवटी एक ओळ असते: उंदरांवरील प्रयोगात हे दिसून आलं आहे. सावंतवाडीपासून चिपळूणपर्यंत ज्या घरात आमवाताचा किंवा मणक्याच्या संधिवाताचा रुग्ण आहे, तिथे अशी बातमी पुन्हा पुन्हा वाचली जाते. मुंबईला किंवा कोल्हापूरला तज्ज्ञ डॉक्टरांकडे खेपा घालून दमलेलं माणूस ती आशेने वाचणारच. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. मुलं कोणाच्या आईच्या, कोणाच्या काकांच्या आजारासाठी अशी कात्रणं घेऊन येतात आणि विचारतात, मॅडम, हे खरं आहे का?

बातमी सहसा खोटी नसते, अपुरी असते. तो उंदीर कुठल्या प्राणीगृहातला होता आणि त्याच्या आतड्यात कोणते जंतू राहत होते, हे तिच्यात नसतं. गेल्या पंधरा-वीस वर्षांत हे पुरेपूर कळून चुकलंय की या एका गोष्टीने प्रयोगाचा निकाल उलटा होऊ शकतो. तेच औषध, तोच आजार, त्याच जातीचा उंदीर, आणि दोन गावांत दोन उत्तरं. हे का होतं ते नीट समजलं, तर अशी बातमी वाचताना माणूस भाबडाही राहणार नाही आणि ‘हे सगळं थोतांड आहे’ म्हणून फोन बाजूलाही ठेवणार नाही.

आजार कोणते, ते आधी

आपल्या शरीरात परक्याला ओळखून त्याचा बंदोबस्त करणाऱ्या पेशी असतात. कधीकधी त्यांची ओळखण्यात चूक होते आणि त्या आपल्याच अवयवांवर उठतात. सांध्यांवर उठल्या की आमवात, स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींवर उठल्या की लहान वयातला, म्हणजे टाइप १ मधुमेह, मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या वेष्टनावर उठल्या की मल्टिपल स्क्लेरोसिस. यांना एकत्रितपणे स्वप्रतिकार आजार किंवा ऑटोइम्यून आजार म्हणतात.

या पेशींपैकी एका गटाचं नाव पुढे लागणार आहे, म्हणून इथेच सांगून ठेवते: टी पेशी. त्यांचे बरेच उपप्रकार आहेत. काही दाह वाढवतात, काही तो आवरतात. दाह वाढवणाऱ्यांतला एक प्रकार म्हणजे टीएच-१७. आतड्याच्या भिंतीतून जंतू आत घुसू नयेत म्हणून तो कामाचा असतो. पण तो प्रमाणाबाहेर वाढला की सांधे, त्वचा, आतडी यांच्या आजारांत त्याचा हात दिसतो.

आता आतडं. आपल्या प्रतिकारपेशींचा फार मोठा वाटा आतड्याच्या भिंतीत बसलेला असतो, कारण बाहेरच्या जगाशी सर्वांत जास्त गाठ तिथेच पडते. तिथे राहणाऱ्या जिवाणूंचा हिशोब २०१६ साली नव्याने मांडला गेला: ७० किलोच्या माणसाच्या अंगात साधारण ३८ लाख कोटी जिवाणू आणि स्वतःच्या साधारण ३० लाख कोटी पेशी. वजनाने जिवाणू सगळे मिळून २०० ग्रॅमच्या आसपास, पण संख्येने आपल्या पेशींच्या तोडीचे. जन्मल्यापासून या पेशी आणि हे जिवाणू एकमेकांना खेटून वाढतात. कोणावर चिडायचं आणि कोणाकडे दुर्लक्ष करायचं, हे या पेशी बऱ्याच अंशी या शेजाऱ्यांकडूनच शिकतात.

प्रयोगशाळेतला उंदीर म्हणजे हापूसचं कलम

भाताच्या कणगीत शिरणारा उंदीर आणि प्रयोगशाळेतला उंदीर एकाच प्राणिजातीचे असू शकतात, पण प्रयोगशाळेतला माणसाने घडवलेला असतो. सख्ख्या भावा-बहिणींचं मीलन पिढ्यान् पिढ्या, किमान वीस पिढ्या, लावलं की सगळे उंदीर जनुकांनी जवळजवळ एकसारखे होतात. जगात सर्वांत जास्त वापरला जाणारा काळा उंदीर, सी५७ ब्लॅक ६, अशाच वंशातला. त्या वंशाची सुरुवात अमेरिकेत १९२१ साली झाली.

एवढा आटापिटा कशासाठी, हे कोकणातल्या माणसाला निराळं सांगायला नको. हापूसचा बाठा पेरला तर उगवेल ते झाड हापूसचं असेलच असं नाही, रायवळच निघण्याची शक्यता जास्त. म्हणून आपण कलम बांधतो. कलमाची प्रत्येक फांदी जनुकांनी मूळ झाडासारखीच. तरीही देवगडच्या कातळावरच्या बागेतला आंबा, रत्नागिरीकडचा आंबा आणि तेच कलम घाटावर नेऊन लावलं तर तिथला आंबा यांत फरक पडतो. साल वेगळी, वास वेगळा, साक्याचं प्रमाण वेगळं. जात बदललेली नसते. माती, पाणी, खारा वारा बदललेला असतो.

शास्त्रज्ञांनी कलम चोख बांधलं. मातीकडे मात्र फार दिवस लक्ष गेलं नाही. उंदराच्या बाबतीत त्या मातीचा मोठा भाग त्याच्या आतड्यात असतो. तो काय खातो, त्याच्या पिंजऱ्यात भुसा कसला आहे, पाणी आम्ल घातलेलं आहे की साधं, आई कोणत्या प्राणीगृहात वाढली, ट्रकमधून आल्यावर त्याला किती दिवस शांत ठेवलं, या सगळ्याने आतड्यातले जिवाणू बदलतात. आणि इथे उंदीर कलमापेक्षा जास्त हळवा ठरतो, कारण त्याची माती काही आठवड्यांत पालटू शकते.

दोन पुरवठादार, दोन उंदीर

हे ठसठशीतपणे पुढे आलं ते २००९ साली. न्यूयॉर्क विद्यापीठात डॅन लिटमन यांच्या प्रयोगशाळेत आतड्यातल्या टीएच-१७ पेशींवर काम चाललं होतं. उंदीर सी५७ ब्लॅक ६, म्हणजे कलम एकच. पण टॅकोनिक या पुरवठादाराकडून आलेल्या उंदरांच्या लहान आतड्यात या पेशी भरपूर, तर जॅक्सन प्रयोगशाळेकडून आलेल्यांत जवळपास नाहीतच. जनुकांत उत्तर मिळेना. दोन्ही ठिकाणचे उंदीर एकत्र ठेवले तेव्हा जॅक्सनच्या उंदरांतही टीएच-१७ पेशी वाढल्या. म्हणजे उंदरांकडून उंदरांकडे काहीतरी जात होतं.

ते ‘काहीतरी’ म्हणजे आतड्याच्या अस्तराला चिकटून राहणारा, लांब धाग्यासारखा दिसणारा एक जिवाणू. त्याला एसएफबी म्हणतात. टॅकोनिकच्या उंदरांत तो होता, जॅक्सनच्या उंदरांत नव्हता. हा एकच जिवाणू जंतुरहित उंदरांना दिल्यावर टीएच-१७ पेशी उभ्या राहिल्या.

याचा अर्थ लक्षात घ्या. समजा त्या काळात एका गटाने टॅकोनिकचे उंदीर घेऊन टीएच-१७ रोखणाऱ्या औषधाचा प्रयोग केला असता आणि दुसऱ्याने जॅक्सनचे घेऊन. पहिल्याला औषध चाललं असतं. दुसऱ्याला ते निरुपयोगी वाटलं असतं, कारण रोखायला पेशीच नव्हत्या. दोघांनी प्रामाणिकपणे लिहिलं असतं की सी५७ ब्लॅक ६ उंदीर वापरले.

हे पेशी मोजण्यापुरतंच राहिलं नाही. २०१५ साली शिकागोतल्या गटाला कर्करोगाच्या प्रतिकार-उपचारातही हेच आढळलं: याच दोन पुरवठादारांच्या उंदरांत त्वचेच्या कर्करोगाची गाठ वेगवेगळ्या वेगाने वाढत होती, आणि उंदीर एकत्र ठेवले की फरक नाहीसा होत होता.

जंतूच नसतील तर?

एखाद्या प्राण्याच्या आतड्यात एकही जंतू नसेल तर तो जगेल का? लुई पाश्चर यांना १८८५ साली तसं जगणं शक्य वाटत नव्हतं. दहाच वर्षांनी बर्लिनमध्ये नटाल आणि थिअरफेल्डर यांनी जंतुरहित गिनीपिग काही दिवस जगवून दाखवले. आज असे उंदीर बंद पारदर्शक कक्षांत वाढवले जातात. हवा गाळून, खाणं-पाणी निर्जंतुक करून, हात घालायचा तो कक्षालाच जोडलेल्या रबरी मोज्यांतून.

आपल्याकडे पाठदुखीचे बरेच तरुण रुग्ण एचएलए-बी२७ हे नाव रक्ताच्या रिपोर्टवर वाचून असतात. मणक्याच्या संधिवाताशी, म्हणजे अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिसशी, या जनुकाचं नातं १९७३ साली उघड झालं. पुढे हे मानवी जनुक रॅटमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदरात घातलं, तेव्हा त्यांना आतड्याचा आणि सांध्यांचा दाह झाला. १९९४ साली हेच रॅट जंतुरहित कक्षात वाढवले. जनुक तेच, तरी आतडी शांत, सांधेही शांत. त्वचेचे विकार मात्र झालेच. नेहमीच्या आतड्यातले जिवाणू दिल्यावर आतड्याचा दाह परत आला.

मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. ज्यांचा बी२७ रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो त्यांतल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. पण रिपोर्ट हातात पडला की घरातली मंडळी तो निकाल समजतात. या प्रयोगाने दाखवलं की जनुक असणं आणि आजार होणं यांच्यामध्ये आणखी कोणीतरी उभं असतं. त्या रॅटमध्ये ते आतड्यातले जंतू होते. माणसात तेवढेच आहेत असं कोणी म्हणत नाही, पण ‘जनुक आहे म्हणजे संपलं’ हे तरी त्या दिवसापासून म्हणता येत नाही.

मग जंतूच वाईट, असं समजायचं का?

नाही. इथेच गोष्ट गुंतागुंतीची होते, आणि बातम्या घसरतात त्या बहुधा इथेच.

जपानमध्ये उंदरांचा एक वंश तयार झाला, १९८० साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. त्याला नॉड म्हणतात. या उंदरांना आपोआप टाइप १ मधुमेह होतो. जगभरच्या प्रयोगशाळांनी हे उंदीर पाळले आणि लक्षात आलं की मधुमेहाचं प्रमाण जागोजागी वेगळं आहे. तेही अपेक्षेच्या उलट. प्राणीगृह जितकं स्वच्छ, तितका मधुमेह जास्त. जंतूंचा संसर्ग झालेल्या, जरा गलथान ठिकाणी तो कमी. म्हणजे बी२७ रॅटला जंतू आजारी पाडतात आणि नॉड उंदराला काही जंतू आजारापासून वाचवतात.

नॉडमध्ये मधुमेह माद्यांना जास्त होतो. त्यामागे केवळ संप्रेरकं असावीत असा समज होता. २०१३ साली प्रौढ नरांच्या आतड्यातले जंतू लहान माद्यांना दिले, तर माद्यांत मधुमेह कमी झाला आणि त्यांच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन वाढलं. म्हणजे जंतूंनी संप्रेरकंच हलवली होती.

आता पुन्हा तो धाग्यासारखा एसएफबी घ्या. २०१० साली दिसलं की संधिवाताच्या एका वंशातल्या उंदरांना तो दिला की सांधे सुजतात. २०११ साली त्याच संशोधक मंडळींच्या गटाने नोंदवलं की नॉड माद्यांपैकी ज्यांच्या आतड्यात एसएफबी आहे, त्या मधुमेहापासून बऱ्याच वाचतात. जिवाणू एकच. एका आजारात तो काडी लावतो, दुसऱ्यात पाणी ओततो. तेव्हा ‘चांगले जंतू’ आणि ‘वाईट जंतू’ अशी सरळ विभागणी करणारी बातमी दिसली की मी विद्यार्थ्यांना विचारते: कोणत्या आजारासाठी चांगले? कोणाच्या आतड्यात?

प्रयोग चुकतो कसा?

उंदीर स्वतःची आणि पिंजऱ्यातल्या दुसऱ्यांची लेंडी खातात. किळस करायचं कारण नाही, त्यांचा तो स्वभावच आहे. पण त्याचा परिणाम असा, की एका पिंजऱ्यातल्या पाच उंदरांच्या आतड्यांत काही दिवसांत जंतूंचा एकच मेळा जमतो. समजा संशोधकाने एका पिंजऱ्यातल्या पाच उंदरांना औषध दिलं, दुसऱ्या पिंजऱ्यातल्या पाच उंदरांना दिलं नाही. कागदावर ती दहा उंदरांची तुलना. प्रत्यक्षात तुलना दोनच पिंजऱ्यांची. फरक औषधाने पडला की पिंजऱ्याने, हे सांगता येत नाही.

जनुक काढून टाकलेल्या उंदरांच्या बाबतीत हे आणखी छुपं असतं. ज्या वंशातलं एखादं जनुक काढलं आहे तो वंश वेगळ्या खोलीत वर्षानुवर्षं स्वतंत्र वाढतो. त्याची तुलना बाहेरून विकत आणलेल्या साध्या उंदरांशी केली, तर जनुकाचा फरक आणि जंतूंचा फरक एकात एक मिसळतात. २०११ साली एका गाजलेल्या शोधनिबंधाने मांडलं की एनएलआरपी६ नावाचं जनुक नसलं की आतड्यातले जंतू बिघडतात आणि आतड्याचा दाह वाढतो. त्यावर पुढे बरंच काम उभं राहिलं. २०१७ साली दुसऱ्या गटांनी हे काटेकोरपणे तपासलं. त्यांनी एकाच आईच्या एकाच वेतातली पिल्लं घेतली, काहींत जनुक आहे आणि काहींत नाही अशी. आई एक, पिंजरा एक, जंतू एक. तेव्हा जंतूंमधला तो ठळक फरक दिसला नाही. पहिल्या गटाने लबाडी केली असं यातून निघत नाही. त्यांनी पाहिलं ते त्यांच्या प्राणीगृहात खरंच होतं, पण त्याचं श्रेय जनुकाला जातं की वेगळं वाढवल्याला, याचा वाद तिथून सुरू झाला.

त्याआधीचा, १९९० च्या दशकातला एक प्रसंग तर मी वर्गात दर वर्षी सांगते. अमेरिकेत रसायनांमुळे कर्करोग होतो का, हे पाहणाऱ्या दीर्घ प्रयोगात ज्या उंदरांना कोणतंच रसायन दिलं नव्हतं, त्यांनाच यकृताचा आजार आणि गाठी होऊ लागल्या. जे तुलनेसाठी निरोगी राहायला हवेत तेच आजारी. शोधता शोधता यकृतात आणि आतड्यात हेलिकोबॅक्टर हेपॅटिकस हा तोवर अज्ञात जिवाणू सापडला. १९९४ साली त्याची नोंद झाली. नंतर पाहिलं तर तो पुष्कळ प्राणीगृहांत आधीपासून मुक्कामाला होता, आणि ज्यांची प्रतिकारशक्ती मुद्दाम बिघडवलेली असते अशा उंदरांत तो आतड्याचा दाह पेटवत होता. त्याआधीच्या किती प्रयोगांत त्याने हात घातला असेल, ते आता कोण सांगणार?

यात प्राण्यांचाही प्रश्न आहे आणि तो मला बाजूला ठेवता येत नाही. आपल्याकडे प्राण्यांवरचे प्रयोग १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालच्या समितीच्या देखरेखीत करावे लागतात, संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी लागते. पिंजऱ्यांची मांडणी चुकली म्हणून ज्या प्रयोगातून काहीच निष्पन्न होत नाही, त्यात गेलेले जीव फुकट गेले.

मग सगळे उंदीर सारखेच स्वच्छ का ठेवत नाहीत?

हा प्रश्न हमखास येतो, आणि तो रास्त आहे. जगभर तसा प्रयत्न झालाही. ठरावीक रोगजंतूंपासून मुक्त असे उंदीर हाच आज नियम आहे. पण त्यातही दोन अडचणी आहेत.

पहिली अशी की ‘ठरावीक रोगजंतू नाहीत’ म्हणजे ‘जंतू सारखेच आहेत’ असं नाही. यादीत जे आहेत ते नसतात, बाकीचे हजार प्रकार कुठेही कसेही असू शकतात. एसएफबी असाच यादीबाहेरचा होता.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. फार स्वच्छ वाढलेल्या उंदराची प्रतिकारशक्ती कच्ची राहते. २०१६ साली मिनेसोटातल्या गटाने दाखवलं की प्रयोगशाळेतल्या प्रौढ उंदरांच्या प्रतिकारपेशी प्रौढ माणसापेक्षा नवजात बाळाच्या पेशींशी जास्त जुळतात. त्यांनी या उंदरांना पाळीव प्राण्यांच्या दुकानातल्या उंदरांसोबत ठेवलं. काही आजारी पडून मेले. जे टिकले त्यांच्या पेशी प्रौढ माणसाच्या पेशींसारख्या दिसू लागल्या. २०१७ साली रानटी उंदरांच्या आतड्यातले जंतू प्रयोगशाळेतल्या उंदरांना देऊन मग फ्लूच्या घातक विषाणूची लागण केली. ९२ टक्के वाचले. नेहमीचे जंतू असलेल्यांपैकी वाचले १७ टक्के. जनुकं दोन्हीकडे तीच.

याचा माणसांच्या जिवाशी संबंध कसा येतो, ते २००६ साली लंडनमध्ये दिसलं. टी पेशींवर काम करणारं टीजीएन१४१२ हे औषध सहा निरोगी स्वयंसेवकांना देण्यात आलं. आमवातासारख्या आजारांवर ते उपयोगी पडेल अशी आशा होती. प्राण्यांत ते निर्धोक वाटलं होतं. काही तासांत सहाही जण अतिदक्षता विभागात पोचले, एकामागून एक अवयव बिघडू लागले. सगळे वाचले, पण औषधांच्या चाचण्यांचे नियम त्यानंतर कडक झाले. २०१९ साली अमेरिकेतल्या गटाने प्रयोगशाळेतल्या उंदराचे गर्भ रानटी उंदरीणीच्या पोटात वाढवले. पिल्लांची जनुकं प्रयोगशाळेची, जंतू जन्मापासून रानाचे. त्याच तऱ्हेचं औषध दिलं तेव्हा नेहमीच्या उंदरांत दाह आवरणाऱ्या पेशी वाढल्या, म्हणजे औषध उत्तम वाटावं असं चित्र. रानातल्या जंतूंसह वाढलेल्या उंदरांत मात्र दाह उसळला. माणसांत झालं होतं तसाच.

रानटी जंतूंची अडचण उघड आहे. ते प्रत्येक ठिकाणी वेगळे, आणि मोकळे सोडले तर शेजारच्या पिंजऱ्यातले प्रयोग नासतात. म्हणून एकच एक ‘योग्य’ उंदीर मिळणार नाही. कोणते जंतू होते ते तपासून लिहा, एका वेतातली पिल्लं वापरा, औषधाचे आणि बिनऔषधाचे उंदीर अनेक पिंजऱ्यांत विभागा, निष्कर्ष दुसऱ्या प्राणीगृहात टिकतो का ते पाहा, हाच आजचा रस्ता आहे.

उंदीर म्हणजे माणूस नाही, मग हे प्रयोग हवेतच कशाला?

आमवाताच्या रुग्णाच्या आतड्यात एखादा जिवाणू जास्त दिसला, तर त्याने आजार झाला की आजारामुळे, औषधांमुळे, बदललेल्या जेवणामुळे तो वाढला, हे फक्त माणसं पाहून ठरत नाही. उंदराला तो जिवाणू देता येतो, काढता येतो. जर्मनीतल्या गटाने २०१७ साली एकाला मल्टिपल स्क्लेरोसिस आणि दुसऱ्याला नाही अशा एकसारख्या जुळ्यांच्या ३४ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आजारी भावंडाचे जंतू मिळालेल्या उंदरांत त्या आजारासारखा आजार जास्त झाला, निरोगी भावंडाचे मिळालेल्यांत कमी. जुळ्यांची जनुकं एकच असल्याने या निष्कर्षाला वजन आहे.

पण इथेही हात आखडूनच विश्वास ठेवावा. माणसाचे जंतू उंदरात घातलेल्या अभ्यासांचा आढावा २०२० साली घेतला गेला. ३८ पैकी ३६ अभ्यासांनी आजाराची लक्षणं उंदरात उतरल्याचं म्हटलं होतं, म्हणजे ९५ टक्के. आढावा घेणाऱ्यांनीच लिहिलं की हे प्रमाण पटण्यासारखं नाही. माणसाचे बरेच जंतू उंदराच्या आतड्यात रुजतच नाहीत. बऱ्याचदा मूठभर रुग्णांचे नमुने पुष्कळ उंदरांना देऊन उंदरांची संख्या मोजली जाते, रुग्णांची नाही. एसएफबीचंच बघा. रॅटमधला एसएफबी उंदराच्या अस्तराला नीट चिकटत नाही. दोन जवळच्या प्राण्यांतच ही गत, तर उंदरावरून थेट माणसावर उडी कशी घ्यायची?

ताक प्यायल्यान सांधे बरे होतत काय?

गावात प्रश्न शेवटी इथेच येतो. ताक, आंबील, उकड्या तांदळाची पेज, सोलकढी, आणि हल्ली मेडिकलमध्ये मिळणारी जिवाणूंची पाकिटं. ताक आणि पेज खुशाल प्या, तब्येतीला मानवत असेल तर. पण उंदरांवरच्या या अभ्यासांतून ‘अमुक खा आणि आमवात जाईल’ असं काही निघत नाही. पाकिटातला जिवाणू आणि प्रयोगात वापरलेला जिवाणू हे बहुधा वेगळेच असतात.

आतड्यातले जंतू बदलून माणूस बरा होतो हे एका आजारात मात्र माणसांवरच सिद्ध झालं आहे, आणि तो स्वप्रतिकार आजार नव्हे. अँटिबायोटिक्सनंतर क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जिवाणूमुळे वारंवार होणारा जुलाब. २०१३ साली नेदरलँड्समधल्या चाचणीत निरोगी दात्याच्या विष्ठेतले जंतू दिलेल्या १६ रुग्णांपैकी १३ पहिल्याच वेळी बरे झाले. नुसतं व्हॅन्कोमायसिन हे औषध घेतलेल्या १३ पैकी ४. फरक एवढा मोठा होता की चाचणी वेळेआधी थांबवली. संधिवाताच्या कोणत्याही प्रकारात असा निकाल अजून हातात नाही.

म्हणून ज्यांचं मेथोट्रेक्सेट किंवा बायोलॉजिकची इंजेक्शनं चालू आहेत, त्यांनी बातमी वाचून ती थांबवू नयेत. सांध्याचं हाड एकदा झिजलं की परत भरून येत नाही. ही औषधं प्रतिकारशक्ती दाबतात, त्यामुळे जिवंत जिवाणूंची पाकिटंही स्वतःच्या मनाने सुरू करू नयेत, आधी आपल्या डॉक्टरांना दाखवावीत. आणि पुढच्या वेळी ‘उंदरांवरील प्रयोग यशस्वी’ असं वाचलंत, तर ती बातमी फोनमध्ये जपून ठेवा आणि वर्ष-दोन वर्षांनी शोधा, दुसऱ्या कुठल्या प्राणीगृहात तेच उत्तर आलं का, आणि माणसांवरची चाचणी सुरू झाली का.